नाव तेच, नाव नवी

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावर, ट्रफाल्गर भूशिराजवळ, एका बाजूला ब्रिटिश आरमार आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्स-स्पेनचं संयुक्त आरमार अशी मोठी लढाई झाली. शाळेत ती आपल्याला नेपोलियनच्या धड्यात दोन ओळींत उरकावी लागली. त्या दोन ओळींत न मावलेली एक गंमत सांगते. त्या दिवशी ब्रिटिशांकडे 'स्विफ्टशुअर' नावाची युद्धनौका होती आणि फ्रेंचांकडेही 'स्विफ्टशुअर' नावाचीच युद्धनौका होती. नाव तर अस्सल इंग्रजी. मग ते फ्रेंचांकडे कसं? फ्रेंचांची ती नौका मुळात ब्रिटिशांचीच. १७९८ मध्ये नाईलच्या लढाईत ती नेल्सनच्या ताफ्यात लढली होती. १८०१ मध्ये फ्रेंचांनी ती पकडली आणि नाव न बदलता वापरायला काढली. इकडे ब्रिटिशांच्या लेखी नाव मोकळं झालं होतं, म्हणून १८०४ मध्ये त्यांनी नवी 'स्विफ्टशुअर' पाण्यात उतरवली. पुढच्याच वर्षी दोघी एकाच लढाईत, विरुद्ध बाजूंना!

ब्रिटिशांनी ट्रफाल्गरला आपली जुनी नौका परत जिंकली. पण आता एकाच नौदलात दोन 'स्विफ्टशुअर' कशा चालणार? नाव नवीकडेच राहिलं. जुनीचं बारसं पुन्हा करून तिला 'इररेझिस्टिबल' म्हणायला लागले, आणि उरलेलं आयुष्य तिने चॅटमला कैद्यांचं तुरुंगजहाज म्हणून काढलं.

मित्रमैत्रिणींनो, संपादक मंडळाने मला "सॉफ्टवेअरबद्दल काहीतरी लिही" असं सांगितलं होतं. वीस-बावीस वर्षं मी तेच काम करते आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्याबद्दल लिहायचा उत्साह फारसा उरलेला नाही. पण आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे की सगळ्यात अवघड काम म्हणजे गोष्टींना नावं देणं. दोन गोष्टींना एकच नाव पडलं की काय गोंधळ होतो ते मी रोज बघते. म्हणूनच असेल, ब्रिटिश युद्धनौकांच्या नावांचा इतिहास वाचायला लागले आणि त्यात अडकले. चारशे वर्षांहून अधिक काळ तीच ती नावं नव्या नव्या जहाजांना देत आलेलं हे नौदल. आपल्या मराठीत तर 'ते नाव' आणि 'ती नाव' एकाच शब्दात बसतात, तेव्हा या विषयाला शीर्षक शोधावं लागलं नाही.

आधी ही नावं आली कुठून ते पाहू. बरीच नावं राजाराणींची, सरदारांची, ग्रीक पुराणातल्या वीरांची, शहरांची. काही मात्र चक्क शत्रूकडून पकडून आणलेली. १७४७ मध्ये फ्रेंचांची 'ॲन्व्हँसिब्ल' ब्रिटिशांच्या हाती लागली. तिची बांधणी इतकी सरस होती की ब्रिटिशांनी पुढच्या चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजांसाठी तिच्यावरून धडे घेतले, आणि नावही ठेवून घेतलं. तेच पुढे 'इन्व्हिन्सिबल', म्हणजे अजिंक्य. १७५९ मध्ये पकडलेल्या 'तेमेरेर'चंही तसंच. तिच्यानंतरची 'टेमेरेर' ब्रिटिशांनी स्वतः बांधली, ट्रफाल्गरला ती नेल्सनच्या 'व्हिक्टरी'च्या पाठोपाठ होती, आणि चित्रकार टर्नरने तिची अखेरची सफर रंगवून तिला अमर केलं. ते चित्र आज इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर आहे. शत्रूचं नाव आपल्या जहाजावर मिरवणं म्हणजे रोजच्या रोज त्याला चिडवणं. हा खोडकरपणा आपल्या मधल्या सुट्टीतला वाटतो, पण तो अधिकृत होता.

नावांमध्ये राजकारणही भरपूर. क्रॉमवेलच्या राजवटीत एका मोठ्या जहाजाला 'नेसबी' नाव दिलं होतं. नेसबी म्हणजे जिथे राजाच्या फौजेचा पराभव झाला ते रणांगण. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि दुसऱ्या चार्ल्सला हॉलंडहून आणायला नेमकं हेच जहाज गेलं. राजाला त्याच्या बापाच्या पराभवाच्या नावाच्या जहाजातून कसं आणणार? म्हणून तिथेच नाव बदलून 'रॉयल चार्ल्स' केलं. सात वर्षांनी डचांनी मेडवे नदीत घुसून तेच जहाज ओढून नेलं. त्याच्या मागच्या बाजूचं कोरीवकाम आजही ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये लावलेलं आहे. विसाव्या शतकात चर्चिल नौदलमंत्री असताना त्यांनी एका युद्धनौकेला 'ऑलिव्हर क्रॉमवेल' नाव सुचवलं. पंचम जॉर्ज राजाने साफ नाकारलं. अडीचशे वर्षं उलटली तरी राजाच्या घराण्याने राग सोडला नव्हता.

आता पुन्हा नाव वापरण्याची रीत. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत होती. पण सुनेने सासऱ्यांचं नाव कसं घ्यायचं, म्हणून घरात त्या मुलाला बाळ, अप्पा, बंडू असं काहीतरी म्हणायचे. नौदलाचीही अडचण तीच. एका वेळी एका नावाचं एकच जहाज असलं पाहिजे, नाहीतर हुकूम कोणाला गेला, कोळसा कोणाला मिळाला, काही कळायचं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हे डेटाबेसमधलं 'युनिक' बंधन झालं. मग नवं जहाज येणार असेल आणि जुनं अजून हयात असेल, तर जुन्याने नाव सोडायचं.

याचं उत्तम उदाहरण 'आर्क रॉयल'. पहिलं जहाज सर वॉल्टर रॅलेसाठी बांधलं जात होतं, म्हणून त्याला 'आर्क रॅले' म्हणत. पहिल्या एलिझाबेथ राणीसाठी ते विकत घेतलं गेलं आणि ते 'आर्क रॉयल' झालं. १५८८ मध्ये स्पॅनिश आर्माडा चालून आला तेव्हा ब्रिटिश सेनापती लॉर्ड हॉवर्डची ध्वजनौका हीच. पुढच्या राजाने आपल्या राणीच्या नावावरून तिला 'ॲन रॉयल' केलं, आणि जुनं नाव तीनशे वर्षं पडून राहिलं. १९१४ मध्ये एक अर्धवट बांधलेलं व्यापारी जहाज घेऊन त्याची समुद्रविमानं नेणारी नौका केली, तेव्हा कोणालातरी ते नाव आठवलं. ही दुसरी. १९३४ मध्ये नवी मोठी विमानवाहू नौका बांधायचं ठरलं, म्हणून या दुसरीला 'पेगासस' नाव देऊन 'आर्क रॉयल' हे नाव मोकळं करून घेतलं. तिसरीने ते नाव गाजवलं. मे १९४१ मध्ये तिच्यावरून उडालेल्या जुनाट दुपंखी विमानांनी 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेच्या सुकाणूवर पाणतीर मारला आणि ती अजस्र नौका जागच्या जागी गोल फिरत राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिब्राल्टरजवळ जर्मन पाणबुडीने या 'आर्क रॉयल'ला बुडवलं. त्यात एकच नौसैनिक मरण पावला. चौथी १९५५ ला आली आणि १९७९ मध्ये निवृत्त झाली. ती मोडीत निघणार म्हणताच लोक इतके हळहळले की 'इंडॉमिटेबल' नावाने बांधल्या जाणाऱ्या नौकेचं नाव बदलून तिला पाचवी 'आर्क रॉयल' केलं. तीही २०११ मध्ये निवृत्त झाली.

कधी कधी नाव जहाजापेक्षा मोठं होतं. 'ड्रेडनॉट' म्हणजे कशालाच न भिणारा. १५७३ मध्ये एलिझाबेथच्या काळात या नावाचं जहाज होतं, ट्रफाल्गरलाही होतं. १९०६ मध्ये याच नावाची पोलादी युद्धनौका आली. तिच्यावरच्या मुख्य तोफा सगळ्या एकाच मोठ्या मापाच्या, आणि इंजिन वाफेच्या टर्बाइनचं. ती येताच जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या. त्यानंतर कोणत्याही देशाची तशी नौका म्हणजे 'ड्रेडनॉट', आणि आधीची म्हणजे 'प्री-ड्रेडनॉट'. विशेषनामाचं सामान्यनाम झालं. व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण मिळालं असतं तर माझ्या डोक्यात पहिल्याच फटक्यात बसलं असतं. १९६० मध्ये ट्रफाल्गरच्याच तारखेला, २१ ऑक्टोबरला, ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी पाण्यात उतरली, तिचंही नाव 'ड्रेडनॉट'. आणि आता बांधल्या जात असलेल्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांच्या नव्या वर्गाचंही तेच.

आमच्या पेशातल्या मंडळींसाठी 'ॲगामेम्नॉन'. पहिली नेल्सनची लाडकी नौका. दुसरी वाफेवर चालणारी. १८५८ मध्ये या दुसरीने अमेरिकेच्या 'नायगारा'बरोबर अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकली. ती तार काही आठवड्यांतच बंद पडली, पण खंडांना तारेने जोडता येतं हे सिद्ध झालं. आज आपला व्हॉट्सॲप ग्रुप पुणे, दुबई, सिंगापूर आणि न्यू जर्सीतून एकाच वेळी भांडू शकतो, त्याची सुरुवात एका युद्धनौकेच्या पोटात गुंडाळलेल्या तारेपासून झाली.

नावाबरोबर आणखी एक गोष्ट पुढे जाते. तिला 'बॅटल ऑनर' म्हणतात, आपण युद्धसन्मान म्हणू. एखाद्या जहाजाने लढाईत नाव काढलं की ती लढाई आणि ते वर्ष त्या नावाच्या खात्यावर जमा होतं. पुढे त्या नावाचं जे कोणतं जहाज येईल, त्याच्यावर लाकडी फलक लागतो आणि त्यावर ही सगळी यादी कोरलेली असते. १९५४ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल्टीने ही यादी आर्माडापासून तपासून नव्याने पक्की केली. काल भरती झालेला एकोणीस वर्षांचा पोरगा जहाजावर पाय ठेवतो, तेव्हा आपल्या आधी इथे कोण कोण होतं हे त्याला त्या फलकावर दिसतं. आपल्या शाळेच्या सभागृहातला बोर्डात आलेल्या मुलांचा फलक आठवा. तोच प्रकार.

पण त्या फलकाची एक मेख आहे, आणि या लेखात मला खरं त्याबद्दल बोलायचं आहे. साधारण नियम असा की सन्मान यशाचा, किंवा जोमाने लढलेल्या अनिर्णित लढाईचा. पराभव फलकावर चढत नाही.

'प्रिन्स ऑफ वेल्स' घ्या. १९४१ मध्ये ही नवीकोरी युद्धनौका 'बिस्मार्क'च्या पाठलागात होती, भूमध्य समुद्रात माल्टाच्या काफिल्याबरोबर होती. हे दोन्ही सन्मान तिच्या नावावर आहेत. त्याच वर्षी १० डिसेंबरला मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी तिला आणि तिच्यासोबतच्या 'रिपल्स'ला बुडवलं. उघड्या समुद्रात, चालत्या युद्धनौकांना फक्त विमानांनी बुडवल्याचा तो धडा साऱ्या जगाने घेतला. दोन महिन्यांत सिंगापूर पडलं. फलकावर त्याचा उल्लेख नाही. मात्र २०१९ मध्ये याच नावाची नवी विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, ती १० डिसेंबरला. फलकावर जे लिहिता आलं नाही, ते तारखेने सांगितलं.

नेल्सनची 'व्हिक्टरी' म्हणजे विजय. पण तिच्या आधीची 'व्हिक्टरी' १७४४ मध्ये वादळात इंग्लिश खाडीत बुडाली. हजारावर माणसं होती, एकही वाचला नाही. पुढच्या जहाजाला हे नाव द्यावं की नाही, असा प्रश्न लोकांना पडणं साहजिक होतं. तरी दिलं. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेली ती 'व्हिक्टरी' आज पोर्टस्मथच्या गोदीत उभी आहे आणि नौदलाच्या पटावर तिचं नाव अजून आहे.

'इन्व्हिन्सिबल' या नावाचं तर विचारूच नका. 'नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा' म्हणतात ते इथे पटतं. फ्रेंचांकडून मिळवलेली पहिली १७५८ मध्ये वाळूत रुतून गेली. दुसरी १८०१ मध्ये तशीच बुडाली आणि चारशेच्या आसपास माणसं गेली. १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत आणखी एक 'इन्व्हिन्सिबल' स्फोटाने दुभंगली. हजारावर माणसांतून सहा वाचले. तरीही १९७७ मध्ये पाण्यात उतरवलेल्या विमानवाहू नौकेला हेच नाव दिलं, आणि ती फॉकलंडच्या युद्धातून सुखरूप परतली.

१९८२ च्या त्या फॉकलंड युद्धात 'शेफिल्ड' आणि 'कॉव्हेन्ट्री' या विनाशिका गेल्या. पुढच्या काही वर्षांतच त्याच नावांची दोन फ्रिगेटं दाखल झाली. पडलेल्याच्या जागी लगेच दुसरा उभा करावा, तसं. याउलट 'हूड'. २४ मे १९४१ ला 'बिस्मार्क'च्या माऱ्यात ती काही मिनिटांत बुडाली. १,४१८ पैकी तिघे वाचले. 'रॉयल ओक' ऑक्टोबर १९३९ मध्ये आपल्याच बंदरात, स्कापा फ्लोमध्ये, पाणबुडीच्या हल्ल्यात गेली आणि आठशेहून अधिक जण गेले. ही दोन्ही नावं त्यानंतर कुठल्याच युद्धनौकेला दिलेली नाहीत. दुःख नावात किती साठलं की नाव मिटून ठेवायचं, आणि कधी ते पुन्हा उघडायचं, याचा काही तक्ता नाही. दर वेळी माणसांनी बसून ठरवलेलं आहे.

आता आपल्या मुंबईकडे या. ब्रिटनमध्ये ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने मलबारी सागवानाची जहाजं रॉयल नेव्हीसाठी बांधली. नावाचा गोंधळ इथेही झाला. जमशेटजी बमनजी वाडियांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी बांधलेली एक 'कॉर्नवॉलिस' १८०५ मध्ये नौदलाने विकत घेतली. १८११ मध्ये तिचं नाव बदलून 'अकबर' केलं, आणि १८१३ मध्ये मुंबईतच नवी, मोठी 'कॉर्नवॉलिस' पाण्यात उतरली. १८४२ मध्ये चीनला पहिल्या अफूच्या युद्धात नमवून जो नानकिंगचा तह झाला, त्यावर सह्या याच मुंबईच्या जहाजावर झाल्या. आपल्या सुतारांच्या कौशल्याचा अभिमान वाटावा, आणि त्या कौशल्याचा उपयोग कशासाठी झाला ते आठवून मान खाली जावी, दोन्ही एकदम.

दुसरं मुंबईचं जहाज 'त्रिंकोमाली'. त्याचे आराखडे इंग्लंडहून ज्या 'जावा' नौकेने पाठवले होते, ती १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनी लढाईत नष्ट केली. दुसरी प्रत पाठवावी लागली. (बॅकअप ठेवा, हे मी कामावर सारखी सांगते ते उगीच नाही.) १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज मुंबईत पाण्यात उतरलं. ऐंशी वर्षांनी, १८९७ मध्ये, नेल्सनची जुनी ध्वजनौका 'फुद्रॉयां' ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. तिच्या मालकाने, व्हीटली कॉबने, तिच्या बदल्यात 'त्रिंकोमाली' विकत घेतली आणि तिला 'फुद्रॉयां' नाव दिलं. हे नाव मुळात १७५८ मध्ये पकडलेल्या फ्रेंच जहाजाचं. म्हणजे नाव फ्रेंच, कीर्ती नेल्सनची आणि लाकूड मलबारचं! पोरांना समुद्रावरचं शिक्षण देत हे जहाज त्या नावाने जवळजवळ सगळं विसावं शतक जगलं. १९९२ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळालं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. अजून पाण्यावर असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे. 'स्विफ्टशुअर'ला जे मिळालं नाही, ते आपल्या सागवानी पोरीला मिळालं.

स्वातंत्र्यानंतर ही नाव पुढे चालवण्याची रीत आपल्या नौदलानेही उचलली. 'ॲकिलिस' ही क्रूझर डिसेंबर १९३९ मध्ये 'एजॅक्स' आणि 'एक्झिटर'बरोबर जर्मनीच्या 'ग्राफ श्पे'शी दक्षिण अमेरिकेच्या रिव्हर प्लेटजवळ लढली होती. १९४८ मध्ये ती भारताने घेतली आणि 'दिल्ली' झाली. ब्रिटिशांची स्वतःची 'दिल्ली' नावाची एक जुनी क्रूझर होती, ती त्याच वर्षी भंगारात गेली होती. १९५६ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईवर चित्रपट निघाला, त्यात 'ॲकिलिस'चं काम आपल्या 'आयएनएस दिल्ली'ने केलं. आपल्याच तरुणपणीची भूमिका! १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेत दीवच्या किनाऱ्यावर मारा करायलाही हीच 'दिल्ली' होती. १९७८ मध्ये ती मुंबईत मोडीत निघाली. तिचा एक तोफमनोरा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला जपून ठेवला आहे. १९९७ मध्ये माझगाव गोदीने बांधलेली विनाशिका आली, तिचं नाव 'दिल्ली'. आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनने 'ॲजिनकोर्ट' नावाने बांधल्या जाणाऱ्या पाणबुडीचं नाव बदलून 'ॲकिलिस' केलं. एकाच जहाजाचे दोन वारस आज दोन देशांत आहेत.

'विक्रांत' मूळची 'हर्क्युलीस', अर्धवट बांधून ठेवलेली. भारताने ती घेऊन पुरी केली, १९६१ मध्ये ती नौदलात आली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली. कफ परेडला ती संग्रहालय म्हणून उभी असताना आपल्यापैकी कित्येकांनी मुलांना घेऊन जाऊन पाहिली असेल. २०१४ मध्ये ती मोडली, तेव्हा मुंबईकर हळहळले. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी 'विक्रांत' दाखल झाली, आणि तिचा क्रमांकही जुनीचाच, आर ११. 'विराट' मूळची 'हर्मीस', फॉकलंड युद्धातली ब्रिटिशांची ध्वजनौका. पण तिचं बांधकाम सुरू झालं तेव्हा तिचं नाव होतं 'एलिफंट'. हत्ती ते विराट, हा प्रवास आपल्याला समजायला अवघड नाही. आणि 'खांदेरी': इंग्रजांच्या मुंबईसमोर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला जलदुर्ग. ते नाव १९६८ मध्ये एका पाणबुडीला मिळालं, आणि २०१९ मध्ये माझगावच्या नव्या पाणबुडीला पुन्हा.

'खुकरी' मात्र वेगळी. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आपल्या नौदलाने हे नाव मिटून ठेवलं नाही. १९८९ मध्ये नवी 'खुकरी' आली, तीसेक वर्षांनी निवृत्त झाली आणि २०२२ मध्ये दीवच्याच हवाली झाली. ज्या पाण्यात पहिली गेली, त्या पाण्याच्या काठावर दुसरी उभी राहिली. इथे पराभव झाकलेला नाही. नावाबरोबर तोही पुढे आणला आहे.

आता आपल्या घरचा प्रश्न. जुनी प्रयोगशाळा पाडून नवी बांधली जात आहे, आणि तिच्यासाठी आपल्या बॅचने निधी द्यायचं कबूल केलं आहे. जुनीला आपल्या आधीच्या काळातल्या मुख्याध्यापकांचं नाव होतं. नवीला काय द्यावं, यावर ग्रुपवर दोन आठवडे रणकंदन चालू आहे. एक पक्ष म्हणतो, जुनं नाव बदलायचं नाही. दुसरा म्हणतो, आपण पैसे देतोय, आपल्या बॅचचं नाव हवं. माझं मत स्पष्ट सांगते: नाव जुनंच ठेवावं. चारशे वर्षांचा हा सगळा पसारा वाचून मला पटलं आहे की जुनं नाव चालवल्याने नव्या वास्तूला पहिल्याच दिवशी पूर्वज मिळतात. ते पैशाने विकत घेता येत नाहीत.

पण एक अट. नावाखाली जो फलक लागेल, त्यावर फक्त बोर्डात आलेले नसावेत. त्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणारे, आम्ही फोडलेल्या बीकरचा हिशेब स्वतःच्या खिशातून मिटवणारे शिपाईमामा असावेत. ज्या वर्षी आपल्या वर्गाचा निकाल लागला त्यात जी मुलं मागे राहिली आणि पुन्हा बसून पास झाली, त्यांची नोंद असावी. आणि आणखी एक ओळ असावी, ती कडू लागेल: आपल्या वेळी टेक्निकल हा विषय फक्त मुलांना होता. आम्ही मुली त्या तासाला शिवण शिकत होतो आणि खिडकीतून लेथ मशीनचा आवाज ऐकत होतो. पुढे आमच्यातल्या काहींनी इंजिनिअरिंग केलं, ते त्या खोलीत पाय न ठेवता. कोणावर राग म्हणून हे लिहीत नाही. ज्या शिक्षकांनी गणित शिकवलं, त्यांच्यामुळेच ते जमलं, आणि ते शिक्षक हे वाचणार आहेत याचा मला आनंद आहे. पण नव्या प्रयोगशाळेत उद्या लेथ चालवणारी मुलगी येईल, तेव्हा तिला कळू दे की ही गोष्ट कायम अशी नव्हती, ती बदलावी लागली.

स्नेहमेळाव्याच्या दिवशी जेवणानंतरच्या सत्रात हा विषय चर्चेला आहे. सर, बाई, तुम्ही जरूर थांबा, तुमचं मत आम्हाला हवं आहे. फलकाचा मसुदा मी घेऊन येते. दुरुस्त्यांसाठी तांबडी शाई तुम्हीच आणा.